नोकरी शोधताना कोणाशी काय बोलणं झालं हे कसं सांभाळता? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, चार महिने झाले नोकरी शोधतेय. ऑपरेशन्समधला ९ वर्षांचा अनुभव आहे. नुसते अर्ज टाकून काही हाती लागत नाहीये, जी काही बोलावणी आली ती ओळखीतूनच, त्यामुळे निम्मा दिवस लोकांशी बोलण्यात जातो आणि आता डोक्यात सगळ्यांची सरमिसळ व्हायला लागलीये.

परवा एका जुन्या कलीगला मेसेज केला की तुझ्याकडे ओपनिंग दिसतेय, रेफर करशील का, तर उत्तर आलं "अगं, तीन आठवड्यांपूर्वीच केलंय ना". चिडून नाही म्हणाला, पण मला दिवसभर चैन पडेना. बोलणं फोनवर झालं होतं, मी कुठे लिहून ठेवलं नव्हतं, आणि ज्याने वेळ काढून काम केलं त्याला साधं थँक्यूही म्हटलं नव्हतं. त्याआधी एकाच पोस्टसाठी दोघांना सांगून बसले होते. कंपनीच्या सिस्टिममध्ये माझं नाव आधीच होतं म्हणून दुसऱ्याचा रेफरल घेतलाच गेला नाही, आणि त्याला वाटलं मी मुद्दाम सांगितलं नाही.

मग शीट करायला बसले. लिंक्डइनच्या सेटिंगमध्ये आपल्या डेटाची कॉपी मागता येते, त्यात कनेक्शन्सची सीएसव्ही फाइल (एक्सेलमध्ये उघडता येणारी साधी यादी) मिळते. नाव, कंपनी, पद, प्रोफाइलची लिंक आणि कधी जोडले गेलो ती तारीख एवढं त्यात असतं. ईमेलचा कॉलम जवळजवळ रिकामा निघाला, कारण ज्यांनी तशी परवानगी दिलीये त्यांचाच ईमेल येतो. सुरुवातीला सूचनेच्या काही ओळी होत्या, त्या उडवल्यावरच फिल्टर नीट लागला. एक्सेलमध्ये फाइल थेट उघडल्यावर देवनागरीतली नावं बिघडली होती, डेटा टॅबमधून इम्पोर्ट करून यूटीएफ-८ हे अक्षरांचं एन्कोडिंग निवडल्यावर ठीक दिसली (कोणाला अडलं असेल तर म्हणून सांगतेय). पण हाती आली साडेसहाशे नावांची यादी, ज्यात पाच वर्षं शेजारी बसून काम केलेली मैत्रीण आणि एका सेमिनारमध्ये दोन मिनिटं भेटलेला माणूस अगदी सारखेच दिसतात.

म्हणून जवळचे, ओळखीचे, लांबचे असे टॅग लावले आणि जवळच्यांपासून सुरुवात केली. ही माझी मोठी चूक झाली असं आता वाटतंय. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्येच दाखवलं होतं की ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी बहुतेकांना ती अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती, कारण जवळच्या माणसांना बहुधा तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं. २०२२ मध्ये लिंक्डइनच्या सुमारे २ कोटी लोकांवरच्या प्रयोगांचा अभ्यास आला, त्यातही मध्यम लांबच्या ओळखी सगळ्यात उपयोगी ठरल्या, अगदीच नावापुरत्या नाहीत. माझंही तसंच झालंय. तीन इंटरव्ह्यू झाले, त्यातले दोन अशा लोकांमुळे ज्यांच्याशी चार-पाच वर्षं बोलणं नव्हतं, आणि माझ्या शीटमध्ये नेमके तेच तळाला होते.

आता खरा प्रश्न. सध्या एका माणसाची एक ओळ आहे आणि शेवटच्या 'नोंद' कॉलममध्ये सगळं कोंबलंय, ते वाचवत नाही. एकाच माणसाने तीन कंपन्यांबद्दल सांगितलेलं असतं, एका कंपनीत चार ओळखीचे असतात. माणसांची एक शीट आणि बोलण्यांची वेगळी करावी का? म्हणजे प्रत्येक फोनची किंवा मेसेजची स्वतंत्र ओळ, त्यात तारीख, कोणत्या पोस्टबद्दल बोललो, त्यांनी काय करतो म्हटलं, मी काय पाठवते म्हटलं, आणि परत कधी विचारायचं. तारीख उलटली की ओळ लाल होईल असं कंडिशनल फॉरमॅटिंग जमलंय. पण रोज भरणं होतं का खरंच? ज्यांनी महिनोन्महिने असं चालवलंय त्यांनी प्लीज सांगा. नोशन, एअरटेबल वगैरे नोंदी ठेवायची ॲप्स सुचवलीत तरी चालेल, पण शिकण्यातच आठवडा जाईल असं नको.

आणि कोणी विश्वासाने सांगितलेल्या गोष्टी, जसं की टीममधून कोण सोडून चाललंय, या मी शीटमध्ये लिहितच नाही, पण मग विसरते. त्याचं काय करता? फॉलोअपमध्ये किती दिवसांचं अंतर ठेवता? मी दोन आठवडे ठेवतेय, समोरच्याला तगादा वाटू नये एवढीच इच्छा आहे.

त्या कलीगला अजून उत्तर दिलेलं नाहीये. नुसतं सॉरी आणि थँक्यू लिहू, की रेफरलचं पुढे काय झालं तेही आताच विचारू?