नायट्रॉक्ससाठी डायव्हिंगची टाकी आणि व्हॉल्व्ह साफ करायचाय, व्हिनेगर पुरेल का?

दांडीकर
मंडळी, नमस्कार. पाऊस लागलाय, होड्या वर ओढल्यात, पर्यटक नाहीत. म्हणून रखडलेलं काम काढलंय. ऑक्टोबरात समुद्र निवळला की अँग्रिया बँकेवर, म्हणजे समुद्रात बुडालेल्या उंचवट्यावर, डायव्हिंगला जायचंय. किनाऱ्यापासून शंभरेक किलोमीटर आत, आणि तिथला माथाच वीसेक मीटर खाली. साध्या हवेवर तिथे पाहिजे तेवढा वेळ मिळत नाही, म्हणून ३२ टक्के नायट्रॉक्स, म्हणजे ३२ टक्के ऑक्सिजन असलेली हवा. टाकीत आधी शुद्ध ऑक्सिजन, वरून हवा, असं भरणार.

ॲल्युमिनियमच्या ११ लिटरच्या दोन टाक्या आहेत. व्हॉल्व्ह खोलले तर आत हिरवा थर. व्हायटनच्या ओ-रिंगा मागवल्यात. भांड्यांचा साबण आणि व्हिनेगर एवढ्यावर भागेल का? सिलिकॉन ग्रीसची डबी घरात पडून आहे, ती चालेल ना?

खलाशी_६४
सिलिकॉन ग्रीस अजिबात नको. ती डबी टॉर्चच्या ओ-रिंगांना ठेव. ऑक्सिजनच्या वाटेवर क्रिस्टो-ल्यूब किंवा क्रायटॉक्सच्या जातीचंच, ऑक्सिजनला चालणारं ग्रीस लागतं. महाग आहे, पण लागतं किती? ओ-रिंग नुसती चमकली की बास.

साबण-व्हिनेगर चालतं, मीही तेच वापरतो. व्हॉल्व्ह मात्र पूर्ण सुटा कर. बोनेट, स्टेम, डिप ट्यूब, सगळं. जुनी सीट, बर्स्ट डिस्क आणि ओ-रिंगा फेकून दे, तिथे काटकसर नको. आधी गरम साबणाच्या पाण्यात ब्रशने घासायचं, मग पांढऱ्या व्हिनेगरात निम्मं पाणी घालून पितळी भाग बुडवायचे. हिरवं सुटलं की लगेच बाहेर, विसरलास तर पितळ गुलाबी पडतं. परत साबण, भरपूर पाणी, शेवटचं डिस्टिल्ड. टाकीत मात्र व्हिनेगर ओतू नकोस. तिथे सौम्य साबण, कारण कडक अल्कली ॲल्युमिनियम खाते.

झालं की पाणी सोडून बघ. स्वच्छ धातूवर पाणी सलग पसरतं. अळवाच्या पानावर पळतं तसं गोळा झालं तर तेल आहे. यूव्ही टॉर्चही मार, पण सगळी तेलं त्यात चमकत नाहीत, सिलिकॉन तर नाहीच. एकदा मी सगळं नीट करून बोनेटवर पाणी सोडलं, तर बरोबर अंगठ्याएवढ्या जागेत थेंब धरले. अंगठा माझाच. सकाळी डोक्याला खोबरेल लावलेलं.

एवढं सोवळं कशाला, तर एका सेंटरवर डोळ्यांनी पाहिलंय म्हणून. भरायच्या नळीला बॉल व्हॉल्व्ह होता, पोराने पाव फेरा मारून झटक्यात उघडला. फट् असा आवाज आला. खोलून बघितलं तर सीटच्या जागी काजळी. वायू पुढच्या बंद जागेत एकदम दाबला गेला की क्षणात प्रचंड तापतो, आणि तिथे तेलाचा अंश असला की पेटतो. कोणाला लागलं नाही, हे नशीब. म्हणून हळूहळू उघडणारा नीडल व्हॉल्व्हच हवा, आणि मिनिटाला ५ बारच्या वर जायचं नाही. रिकाम्या टाकीत २०० बारचं ३२ टक्के करायला ऑक्सिजन साधारण २८ बार लागतो. म्हणजे सहा मिनिटं गप उभं राहायचं.

आता तू न विचारलेलं. वरून हवा कुठल्या कंप्रेसरची? श्वासाच्या हवेला अमेरिकेतलं ग्रेड ई मानक घनमीटरला ५ मिलिग्रॅम तेल चालवून घेतं. ऑक्सिजनवर चढवायच्या हवेत ०.१ च्या वर नको. साध्या कंप्रेसरने एकदा टाकी भरलीस की साफसफाई तिथेच संपली.

दांडीकर
काका, शेवटचं वाचून खुर्चीतच बसलो. माझ्या कंप्रेसरला एकच फिल्टर आहे, तोही गेल्या मे महिन्यातला. मग एवढं घासून उपयोग काय?

चिवल्याचो झील
मेल्या, खोबरेलाचा खरा हां! आमी पोरांका आधी साबणान हात धुवूक लावतंव, मगे पावडर नसलेले हातमोजे.

बाकी, तयार मिसळलेलं ३२ कुठे मिळालं तर ही भानगडच नको. टाकीला ४० टक्के ऑक्सिजनपर्यंत खास सफाई लागत नाही, असा डायव्हिंगमधला प्रघात आहे. ऑक्सिजन मोजणारा ॲनालायझर मात्र स्वतः लावून बघ. आणि ३२ वर ऑक्सिजनच्या आंशिक दाबाची मर्यादा १.४ बार धरलीस तर ३३ मीटरच्या खाली जायचं नाही, मासा कितीही मोठा दिसू दे.

खलाशी_६४
घासलेलं फुकट नाही. व्हॉल्व्ह जोडून स्वच्छ पिशवीत बांधून ठेव, कंप्रेसरला जादा फिल्टर बसेपर्यंत टाकी भरू नकोस. टाकीवर तारीख आणि 'दुसरीकडे भरू नये' असं ठळक लिही, नाहीतर शेजारचा उसनी नेईल. पहिल्यांदा ऑक्सिजन भरण्याआधी हे काम शिकलेल्या माणसाला जोडणी दाखव.

आणि जुलैत मालवणात काही वाळत नाही, तुला माहीत आहे. टाकी उलटी करून सिलिंडरच्या कोरड्या नायट्रोजनने वाळव. टायरवाल्याकडचा नायट्रोजन नको हां, तोही कंप्रेसरमधूनच येतो.