पॅरालीगल सर्टिफिकेटला 45 हजार भरावेत का?

अमळनेरची_मावशी
भाची यंदा बी.ए. झाली. एका खासगी संस्थेचा फोनवर फोन येतोय: सहा महिन्यांचं ऑनलाइन पॅरालीगल, म्हणजे वकिलाच्या मदतनिसाचं, सर्टिफिकेट, फी 45 हजार, हप्ते चालतील, आणि 'कोर्टात लगेच काम मिळतं'. घरी तीन एकर कोरडवाहू कपाशी. दाजी सोसायटीच्या कर्जात आणखी भर घालायला तयार झालेत, म्हणून विचारतेय.

माझं मत स्पष्ट आहे, भरू नयेत. मी नऊ वर्षं एका दिवाणी वकिलांकडे कारकुनी करते. आपल्याकडे पॅरालीगल म्हणून वेगळी सनद (कामाचा परवाना) नाही. 1961 च्या ॲडव्होकेट्स ॲक्टनुसार वकिली फक्त वकिलानेच करायची, मग हातात कुठलंही सर्टिफिकेट असो. आणि तालुका कोर्टात जे लागतं ते या कोर्सच्या माहितीपत्रकात मला दिसलंच नाही. कागदयादी कशी लावायची, नक्कल अर्जात काय लिहायचं, रोजनाम्यावरून (खटल्याच्या तारखांच्या नोंदीवरून) पुढची तारीख कशासाठी पडली हे कसं ओळखायचं. मनाईचा अर्ज, म्हणजे समोरच्याला काही करण्यापासून थांबवा असा अर्ज, कोर्टात 'निशाणी 5' म्हणून ओळखतात, हे मला पहिल्याच आठवड्यात शिरस्तेदारांनी (कोर्टातल्या वरिष्ठ कारकुनांनी) सांगितलं. इथलं काम मराठीत चालतं. ते माहितीपत्रक मात्र पूर्ण इंग्रजीत आहे.

पुण्यातला_धुळेकर
मावशी, तुमचा अनुभव तालुका कोर्टाचा आहे आणि तिथे तो खराच आहे. पण कायद्याचं काम म्हणजे फक्त कोर्ट नाही. मी पुण्यात परदेशी कंपन्यांचे करारनामे तपासतो. बी.कॉम. होतो, इंग्रजी बेताचं. असाच कोर्स केला, 'इंडेम्निटी' म्हणजे नुकसान भरून देण्याची हमी, हे तिथे कळलं, आणि मुलाखतीत नेमकं तेच विचारलं. दीड वर्षात फी वसूल झाली. बाहेर या कामाला मान आहे. कॅनडात ओंटारिओमध्ये 2007 पासून पॅरालीगलला रीतसर परवाना मिळतो, काही ठराविक प्रकरणांत तो स्वतः बाजू मांडतो. खेड्यातल्या मुलीला ही दारं आधीच बंद का करायची?

अमळनेरची_मावशी
भाऊ, तो परवाना ओंटारिओचा. इथल्या सर्टिफिकेटवर तो मिळत नाही, आणि फोनवरचा माणूस हे सांगत नाही, माझा राग त्यावर आहे. तुम्ही पुण्यात जाऊन राहू शकलात. भाचीला घरचे अमळनेरबाहेर खोली करून ठेवणार नाहीत, हे मला बदलायचंय, पण आज ते तसंच आहे.

सातपुडा_पायथा
एक पैसा न भरता शिकायची वाट आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, म्हणजे गरजूंना मोफत कायदेशीर मदत देणारी सरकारी संस्था, पॅरा लीगल व्हॉलंटियर (लोकांना कायद्याची मदत करणारे स्वयंसेवक) निवडतं, 2009 पासून ही योजना आहे. प्रशिक्षण फुकट, दहावी झालेली चालते. मानधन मात्र काम दिलेल्या दिवसाचंच, त्यामुळे याला नोकरी समजू नका.

मी अक्कलकुव्याकडे हे काम केलंय. वनहक्काच्या दाव्याची फाईल घेऊन एक आजी आल्या होत्या. प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून घालून फाटलेला ग्रामसभेचा ठराव, दंडाची जुनी पावती आणि शिधापत्रिका. ती दंडाची पावती त्या फेकून देणार होत्या. वनहक्क कायद्यात 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जमीन कसत असल्याचं दाखवावं लागतं, आणि त्याचा तोच पुरावा होता! हे मला कायदा वाचून कळलं, म्हणून शिक्षणाला मी फालतू म्हणणार नाही. फक्त त्यासाठी 45 हजार लागत नाहीत. आणि डिप्लोमाच हवा असेल तर बारावीवर इग्नूचा पॅरालीगल प्रॅक्टिसचा आहे.

रावेर_केळीपट्टा
सगळं सोडा, एलएल.बी. करा. पदवी आहेच, सीईटी द्या, तीन वर्षांत सनदेच्या दारात.

एरंडोल_टायपिंग
रावेरवाले दादा, सांगणं सोपं आहे. एलएल.बी. पत्राने होत नाही, हजेरी लागते. माझ्या बहिणीने अमळनेर-जळगाव रेल्वेने ये-जा करून दुसरं वर्ष गाठलं आणि घरच्या आजारपणात सोडलं. तिच्या हातात आज काहीच नाही. सहा महिन्यांचा कागद निदान पूर्ण तरी झाला असता. 45 हजार जास्तच आहेत, पण 'छोटा कोर्स म्हणजे फसवणूक' हे मला पटत नाही.

अमळनेरची_मावशी
एरंडोलवाल्या ताईंचं मनाला लागलं. अर्धवट सुटण्याची भीती मला सुचलीच नव्हती.

तरी कर्ज काढून नाही. सोमवारी भाचीला माझ्यासोबत कोर्टात नेते, महिनाभर बसू दे. मागच्या आठवड्यात हौसेने आली होती. बाकावरच्या एका म्हातारीने तिच्यापुढे उतारा धरला, "सातबारावर मनं नाव शे का, इतलंच सांग." पोरीने फेरफार क्रमांक शोधून बोट ठेवलं, आणि घरी येईपर्यंत त्यावरच बोलत होती. विधी सेवा प्राधिकरणाची जाहिरात निघाली की अर्जही भरू. सीईटीचं पुस्तक मी घेऊन ठेवते, वर्षभराने तिचं तिने ठरवावं.

धुळेकर भाऊ, मुलाखतीत विचारतात ते शब्द मराठीत समजावून लिहून द्याल का? तिला सोमवारच्या आधी हवेत.