मुलाला बासच्या मासेमारीचे वेड लागले आहे. त्यातून नम्रता आणि कृतज्ञता खरोखर येते का?

सुनीती_डॅलस

नमस्कार. आम्ही डॅलसच्या उत्तरेकडील एका उपनगरात राहतो. माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे आणि गेल्या वर्षभरात त्याला लार्जमाउथ बास हा गोड्या पाण्यातला मासा पकडण्याचे वेड लागले आहे. शनिवार-रविवारी तो मित्राबरोबर आणि मित्राच्या वडिलांबरोबर जवळच्या तलावांवर जातो. कधी कधी ते या मुलांना पूर्वेला लेक फोर्क या तलावापर्यंतही घेऊन जातात. मुलगा पडद्यासमोरून उठून उन्हापावसात जातो, पहाटे हाक न मारता जागा होतो, याचा मला मनापासून आनंद आहे.

काळजी निराळीच आहे. मासा मिळाला की त्याच्या बोलण्यात वजन, लांबी आणि मित्रांच्या माशांशी तुलना यांशिवाय काही नसते. मिळाला नाही की रील (दोरा गुंडाळायची चकरी) खराब असते, लूअर (नकली आमिष) निकामी असते, किंवा काकांनी बोट भलत्याच जागी नेलेली असते. अलीकडेच त्याने मला एक चित्रफीत दाखवली. तिच्यात मासा बोटीच्या तळाशी अंथरलेल्या कार्पेटवर उसळ्या मारत होता आणि मुले मोबाइल कोणत्या बाजूने धरावा यावर चर्चा करत होती. माझ्या सासूबाई सध्या सांगलीहून आलेल्या आहेत, त्यांनी ते पाहून विचारले, "अरे, खायचा नाही तर पकडता कशाला?" त्याला उत्तर देता आले नाही आणि मलाही देता आले नाही.

मित्राचे वडील सज्जन आहेत आणि ते ठामपणे सांगतात की या छंदाने माणूस नम्र होतो, मिळेल त्याबद्दल आभार मानायला शिकतो. आपल्यापैकी जे अमेरिकेत बासची मासेमारी करतात त्यांना मला विचारायचे आहे की हे आपोआप घडते का, आणि घडत नसेल तर आईवडिलांनी नेमके काय करावे?

सबीनकाठ

सुनीतीताई, मी पूर्व टेक्सासमध्ये बरीच वर्षे राहतो आणि बासच्या मागे असतो. माझे प्रामाणिक मत असे आहे की नम्रता पाणी स्वतः शिकवते, फक्त वेळ द्यावा लागतो. कृतज्ञता मात्र कोणीतरी दाखवून द्यावी लागते.

नम्रतेचे आधी सांगतो. या भागात वसंतात उत्तरेकडून थंड हवेची लाट येते. आदल्या दिवशी ढगाळ, दमट हवेत बास उथळ पाण्यात लूअरवर तुटून पडत असतात. लाट सरली की आकाश निळेशार होते, हवेचा दाब चढतो आणि तेच मासे बुडालेल्या झाडांच्या बुंध्यांना चिकटून तोंड मिटून बसतात. तलाव तोच, काठी तीच, हातही तोच, पण दिवसभर काही लागत नाही. अशा दिवशी लूअरला दोष देणारा मुलगा पुढे कधीतरी पाण्याचे तापमान पाहू लागतो, वारा कोणत्या काठावर आदळतो आहे ते पाहू लागतो, आणि लूअर अगदी हळू, तळाला घासत ओढू लागतो. आपल्या इच्छेने मासा चालत नाही हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. तुमचा मुलगा या छंदात अजून वर्षभराचाच आहे, त्यामुळे त्याच्या तक्रारींनी फार अस्वस्थ होऊ नका.

त्याला विक्रमांचे आकर्षण असेल तर विक्रमांच्याच गोष्टी सांगा, कारण त्या या बाबतीत फार उपयोगी आहेत. टेक्सासचा सर्वांत मोठा बास 18.18 पौंडांचा असून तो जानेवारी 1992 मध्ये लेक फोर्कवर मिळाला. पकडणारे बॅरी सेंट क्लेअर त्या दिवशी बासच्या मागे नव्हतेच. ते क्रॅपी नावाच्या लहान माशासाठी मिनो, म्हणजे आमिषाचा छोटा मासा, लावून बसले होते. जगाचा विक्रम 2 जून 1932 चा आहे. जॉर्जियातील जॉर्ज पेरी हा शेतकरी तरुण मंदीच्या त्या दिवसांत माँटगोमेरी लेक या छोट्या तळ्यावर मित्राबरोबर गेला होता आणि त्याला 22 पौंड 4 औंसांचा बास मिळाला. त्याने तो वजन करून घेतला, घरी नेला आणि कुटुंबाने तो खाल्ला. 2009 मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी त्याची बरोबरी केली, पण इतकी महागडी बोटी-यंत्रे आली तरी तो आकडा अजून स्पष्टपणे कोणालाच ओलांडता आलेला नाही. चौदा वर्षांच्या मुलाला उपदेशापेक्षा ही माहिती अधिक पटेल, असे मला वाटते.

आता त्या चित्रफितीबद्दल. कृतज्ञता शिकवायची जागा तीच आहे: मासा पाण्याबाहेर आल्यापासून परत पाण्यात जाईपर्यंतचा वेळ. बासच्या अंगावर बुळबुळीत थर असतो आणि तो त्याचे रोगजंतूंपासून रक्षण करतो. कोरड्या हातांनी किंवा कार्पेटवर घासल्याने तो निघून जातो. म्हणून हात आधी पाण्यात बुडवून ओले करावेत. लहान मासा खालच्या ओठाला अंगठा लावून उभा धरला तरी चालतो, पण जड मासा तसा लोंबकळत धरला तर जबड्यावर सगळा भार येतो, तेव्हा दुसरा हात पोटाखाली द्यावा आणि मासा आडवा धरावा. गळ आत खोल घशात गेला असेल तर ओढाताण न करता दोरा जवळून कापावा. मासा जगण्याची शक्यता त्याने वाढते. आणि मासा बाहेर काढताना मुलाने स्वतःचा श्वास रोखावा. स्वतःला श्वास घ्यावासा वाटू लागला की माशाला पाण्यात ठेवण्याची वेळ झाली. माझ्या पुतण्याला मी हे सांगितले तेव्हापासून त्याचे फोटो काढण्याचे काम फार झटपट होऊ लागले.

गरीवाला_रत्नागिरी

चर्चा आवडली, पण मला सुनीतीताईंच्या सासूबाईंची बाजू घ्यावीशी वाटते. आमच्याकडे खाडीच्या काठाला गरी टाकून बसणारी माणसे घरोघरी आहेत. गरवायला गेलेला माणूस रात्री जे आणतो ते कालवणात जाते, आणि पुरेसे मिळाले की गरी गुंडाळून तो घरी येतो. कोळी बांधव पावसाळ्यात समुद्रात जात नाहीत. 1 जून ते 31 जुलै ही आता सरकारी बंदीही आहे, पण माशांच्या विणीच्या दिवसांत समुद्राला विसावा देण्याची समज त्याहून जुनी आहे. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण करून मगच होड्या पाण्यात लोटल्या जातात. पोट भरणाऱ्याचे ऋण मानणे ही कृतज्ञता मला कळते. महाडजवळ वाळणकोंडीच्या डोहात देवीचे मासे म्हणून महासीरांना कोणी हातही लावत नाही, लोक त्यांना खाऊ घालून परत येतात. तोही आदर मला कळतो.

परंतु केवळ ओढाताणीच्या आनंदासाठी जिवंत प्राण्याच्या तोंडात गळ रुतवायचा, छायाचित्र काढायचे, त्याला सोडून द्यायचे आणि वर त्याचे आभार मानायचे, यात मला गफलत दिसते. माशाला त्या आभारांचा काय उपयोग? मी कोणाला दुखावण्यासाठी लिहीत नाही. हा प्रश्न त्या मुलासमोर मोकळेपणाने ठेवावा, एवढेच म्हणणे आहे.

सबीनकाठ

तुमचा आक्षेप खरा आहे आणि मी तो टाळणार नाही. गळाने माशाला इजा होते. सोडलेल्यांपैकी काही मासे नंतर मरतात, विशेषतः भर उन्हाळ्यात, जेव्हा गरम पाण्यात प्राणवायू कमी असतो. म्हणून ऑगस्टच्या दुपारी मी गळ टाकत नाही, आणि ज्याला हा छंद अजिबात पटत नाही त्याच्याशी मी वाद घालत नाही.

तरीही सोडून देण्यामागचे कारण केवळ करमणूक नाही. बासच्या स्पर्धा भरवणारे रे स्कॉट यांनी 1967 मध्ये आर्कान्सातील बीव्हर लेकवर आपली पहिली मोठी बास स्पर्धा घेतली. त्या काळी स्पर्धेतले मासे मरूनच किनाऱ्याला येत. 1972 पासून त्यांच्या संस्थेने स्पर्धकांना मासे जिवंत आणून परत सोडायला लावले, आणि ती सवय पुढे साध्या हौशी लोकांपर्यंत पोचली. मोठे बास बहुतेक माद्या असतात, त्या तेवढ्या वाढायला बरीच वर्षे लागतात आणि पुढची वीण त्यांच्या पोटात असते. याच कारणाने लेक फोर्कवर 16 ते 24 इंचांमधला बास घरी नेण्यास मनाईच आहे. त्याहून लहान मासे मर्यादेत राहून खायला नेता येतात आणि ते नेण्यात काही गैर नाही, असे मी मानतो. सुनीतीताईंच्या सासूबाईंना एखाद्या दिवशी त्यांच्या नातवाने पंधरा इंचांचा बास आणून, स्वतः साफ करून दिला, तर त्यांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तिथेच मिळेल. उलट बिवा सरोवरात बास हा बाहेरून आलेला उपद्रवी मासा आहे आणि शिगा प्रांतात तो पकडून पुन्हा पाण्यात सोडायला बंदी आहे. म्हणजे सोडणे हे सर्वत्र पुण्याचे काम नाही. त्या पाण्याला काय हवे ते आधी समजून घ्यावे लागते.

आता आभार कोणाचे, हा तुमचा खरा प्रश्न. माशाला त्यांचा उपयोग नाही हे मान्य. पण लेक फोर्कसारखा तलाव निसर्गाने आयता दिलेला नाही. तो 1980 च्या सुमारास धरण बांधून तयार केला, पाण्याखाली जाणारी झाडे माशांच्या आसऱ्यासाठी मोठ्या प्रमाणात उभी ठेवली आणि फ्लोरिडा वाणाच्या बासची पिल्ले त्या खोऱ्यात आणून सोडली. 1950 च्या एका संघीय कायद्यामुळे काठी, रील, लूअर यांच्यावरच्या कराचा पैसा राज्यांच्या मत्स्यखात्यांकडे जातो. परवान्याचा पैसाही तिकडेच जातो. सतरा वर्षांखालील मुलांना टेक्सासमध्ये परवाना लागत नाही, म्हणजे तुमचा मुलगा आज दुसऱ्यांनी भरलेल्या पैशावर मासेमारी करतो आहे. हे त्याला टोमणा म्हणून सांगू नका, माहिती म्हणून सांगा. जमल्यास त्याला अथेन्स गावातील राज्याच्या मत्स्यकेंद्रात घेऊन जा. जानेवारी ते मार्च या काळात 13 पौंड किंवा त्याहून मोठा बास मिळालेला माणूस तो विणीसाठी या केंद्राला तात्पुरता देऊ शकतो. कर्मचारी स्वतः येऊन मासा नेतात, तिची पिल्ले वाढवून तलावांत सोडतात आणि मादीला परत पाण्यात पोचवतात. आयुष्यात एकदाच मिळणारा मासा त्याच क्षणी दुसऱ्याच्या हाती सोपवणारी माणसे 1986 पासून इथे आहेत. मला त्यांचा फार आदर वाटतो.

ग्रँडरिव्हर_मिशिगन

मी उत्तरेकडे स्मॉलमाउथ बास, म्हणजे बासचीच दुसरी जात, पकडतो, त्यामुळे थोडेच लिहितो. विणीच्या दिवसांत मुलाला गळ न टाकता एकदा काठावर नुसते बसवा. पाणी 60 अंश फॅरनहाइटच्या पुढे गेले की नर उथळ जागी शेपटीने गाळ झटकून ताटाएवढी स्वच्छ जागा करतो. मादी अंडी घालून निघून जाते आणि नर तिथेच थांबतो: अंड्यांवर पाणी हलवत राहतो, जवळ येणाऱ्या ब्लूगिल नावाच्या लहान माशांवर धावून जातो, आणि पिल्ले निघाल्यावरही त्यांच्या काळ्या ढगाभोवती फिरत राहतो. गढूळ नसलेल्या पाण्यात ध्रुवीकृत काचांचा चष्मा लावला तर हे सगळे हाताच्या अंतरावर दिसते. त्या नराला गळाला लावणे फार सोपे असते, कारण तो घरट्यात आलेली प्रत्येक वस्तू तोंडाने उचलून बाहेर टाकतो. पण तेवढ्या वेळात ब्लूगिल अंड्यांवर तुटून पडतात. हे एकदा डोळ्यांनी पाहिल्यावर माझ्या मुलीने घरट्यावरच्या माशावर गळ टाकायचा नाही असे स्वतःहून ठरवले. मी तिला तसे सांगितले नव्हते.

सुनीती_डॅलस

सर्वांचे मनापासून आभार. उत्तरे मी मुलाला मोठ्याने वाचून दाखवली. सेंट क्लेअर यांची क्रॅपीची हकीकत त्याला ठाऊक नव्हती, त्याने ती लगेच मित्राला कळवली. श्वास रोखण्याची गोष्ट ऐकून तो बराच वेळ गप्प होता, आणि नंतर त्याने ती जुनी चित्रफीत मोबाइलवरून काढून टाकली. मी त्यावर काही बोलले नाही. गरीवाला यांचा प्रश्न आम्ही जेवताना पुन्हा काढला. सासूबाईंचे मत बदललेले नाही, पण मासा आणलास तर मी कालवण करून दाखवते, असे त्या म्हणाल्या आहेत. एक शंका राहते: बासला वास फार येतो का, आणि त्यासाठी काय करावे?

सबीनकाठ

उथळ, शेवाळी तलावातल्या माशाला चिखलाचा वास येतो, तो मुख्यतः कातडीत आणि मांसाच्या गडद पट्ट्यात असतो. म्हणून कातडी पूर्ण काढावी, गडद भाग कापून टाकावा आणि मासा पकडल्यापासून बर्फात ठेवावा. पुढे आपली नेहमीची हळद, मीठ आणि आगळ लावून अर्धा तास मुरू द्यावा. लेक फोर्कवर नेण्याआधी मोजपट्टीवर लांबी पाहायला मुलाला सांगा: तोंड मिटलेले आणि शेपटीची टोके एकत्र दाबलेली असताना 16 इंचांच्या आत असेल तर तो तुमच्या स्वयंपाकघरात येऊ शकतो.