१९५४ च्या बेल एअरला बाजारातील हेडर बसवावेत काय?

फोंडेकर:
आजोबांच्या काळातील १९५४ ची शेवरोले बेल एअर आमच्या घरी आहे. तिचे सहा सिलिंडरांचे, २३५ घन इंचांचे, म्हणजे सुमारे ३.९ लिटरचे मूळ इंजिन अजून उत्तम चालते. मात्र सकाळी थंड असताना एक्झॉस्टकडून टकटक आवाज येतो आणि इंजिन तापले की तो मंदावतो. मॅनिफोल्डला (सिलिंडरांचा धूर गोळा करून एक्झॉस्टकडे नेणाऱ्या भागाला) चीर गेली असावी, असे मेकॅनिकचे म्हणणे आहे. अशा स्थितीत अमेरिकेहून त्याच्या जागी बसणारे दोन भागांचे नळ्यांचे हेडर मागवावेत की जुनाच मॅनिफोल्ड दुरुस्त करावा? अनमोड घाट चढताना थोडा जोर वाढला तर हवाच आहे.

म्हापशाचा गॅरेजवाला:
आधी चिरेची खात्री करून घ्या, कारण हीच लक्षणे गॅस्केट (सांध्यातील सीलची पट्टी) गळत असल्यासही दिसतात आणि गळतीच्या जागी काजळीचा पट्टा उमटतो. चीर निघालीच, तर मॅनिफोल्ड सावकाश तापवून, निकेलच्या रॉडने सांधून राखेत निवू देणारा जाणकार वेल्डर शोधावा.

हेडरची कल्पना चुकीची नाही. या इंजिनाचा फायरिंग क्रम, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-५-३-६-२-४ असल्याने पुढचे तीन आणि मागचे तीन सिलिंडर आळीपाळीने पेटतात, आणि प्रत्येक गटातील दोन पेटण्यांमध्ये क्रँकच्या फिरण्याचे २४० अंशांचे समान अंतर मिळते. परंतु आत येणारी हवा एकाच कार्ब्युरेटरमधून आणि दोन-दोन सिलिंडरांच्या सामाईक पोर्टमधून येते. त्यामुळे केवळ हेडर बदलल्याने जोरापेक्षा आवाजच अधिक वाढेल.

खरी अडचण फ्लँजच्या, म्हणजे हेडला टेकणाऱ्या चपट्या कडेच्या, जाडीची आहे. इनटेक (हवा आत नेणारा मॅनिफोल्ड) आणि एक्झॉस्ट हेडच्या एकाच बाजूला असून काही स्टडवरचा (हेडमध्ये रोवलेल्या आट्यांच्या दांड्यांवरचा) एकच क्लँप दोघांनाही दाबतो. नवा फ्लँज अर्ध्या मिलिमीटरने जरी जाड निघाला, तरी इनटेक सैल राहून बाहेरची हवा ओढतो आणि आयडलिंग (गाडी उभी असताना इंजिनाचे मंद चालणे) बिघडते. मी एकदा हीच चूक करून दोन दिवस कार्ब्युरेटरलाच दोष देत बसलो होतो.

मडगावकर:
किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत साध्या पोलादाच्या नळ्या लवकर गंजतात, आणि वरून कापडी पट्टी गुंडाळली तर ओल धरून आणखी लवकर. ३०४ प्रतीचे स्टेनलेस टिकते, पण तापल्यावर साध्या पोलादाच्या जवळजवळ दीडपट प्रसरण पावते. म्हणून फ्लँजची भोके किंचित लांबट ठेवावीत आणि पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर, इंजिन पूर्ण थंड झाल्यावर, नट पुन्हा आवळावेत.

साखळीचा वाचक:
व्हिंटेज नोंदणीचा विचार असेल तर मूळ मॅनिफोल्ड भंगारात देऊ नका. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरील गाडी मूळ स्वरूपात असावी लागते, आणि इंजिनातील फेरफारही त्यात विचारात घेतले जातात.

फोंडेकर:
सर्वांचे आभार. रविवारी दिवा लावून पाहिले, तेव्हा शेवटच्या स्टडजवळ काजळी दिसली आणि तेथील नट चक्क हाताने फिरला. चीर कोठेच नाही. हेडरची मागणी थांबवली असून चवथीपूर्वी गॅस्केट बदलणार आहे. बाकीचे नट गंजलेले आहेत, ते स्टड न तोडता कसे काढावेत?

म्हापशाचा गॅरेजवाला:
गंज सोडवणारे तेल मारून रात्रभर ठेवा. सकाळी इंजिन कोमट करून नट थोडा सैल, थोडा घट्ट असा हलवत काढा, आणि परत बसवताना पितळी नट वापरा.