अनुभव धागा: आलेख काढताना तुम्ही कुठे अडलात?

परवा रात्री साडेदहाला भाचीचा फोन. "मामा, स्क्रीनवर आलेख दिसतो, पण सेव्ह केलेली फाइल पांढरी फटक!" पायथनमध्ये आलेख काढायला मॅटप्लॉटलिब ही लायब्ररी वापरणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने हे भोगलं असणार. तिने आधी 'शो' (आलेख दाखव) आणि मग 'सेव्हफिग' (फाइलमध्ये जतन कर) लिहिलं होतं. खिडकी बंद केली की ती आकृती संपते आणि पुढची ओळ नवी, कोरी आकृती जतन करते. दोन ओळींची अदलाबदल केली, झालं. तुमचेही किस्से लिहा, नवशिक्यांना उपयोग होईल.

रानवारा
माझा पावसाचा आलेख. वहीतल्या नोंदी ०७/०६ अशा, म्हणजे ७ जून, ऐन मृगाचा पाऊस. तक्ते वाचणाऱ्या पांडाज लायब्ररीच्या जुन्या आवृत्तीने महिना आधी धरला आणि १ ते १२ जूनचा पाऊस जानेवारी ते डिसेंबर असा वाटून टाकला, दर महिन्याच्या ६ तारखेला एकेक सर! १३ जूनपासून पुढचं मात्र बरोबर, कारण तेरावा महिना नसतो. रेघ तर कोळ्याच्या जाळ्यासारखी. दोन दिवस मी आलेखाच्या कोडमध्येच चूक शोधत होतो. तारखा वाचताना 'डेफर्स्ट=ट्रू' (दिवस आधी) दिलं आणि पाऊस जूनमध्ये परतला.

कांदेपोहे
@रानवारा, अगदी! माझे कांद्याचे भाव दर दिवशी चढतच होते, पडले त्या दिवशीही. फाइलमध्ये '१,२५०' असा स्वल्पविराम होता, म्हणून तो आकडा न राहता मजकूर झाला. मजकूर आला की मॅटप्लॉटलिब ज्या क्रमाने सापडेल त्या क्रमाने पायऱ्या रचतं. ९८० हा १,२५०च्या वर. फाइल वाचतानाच 'थाउजंड्स' (हजारांची खूण) म्हणून स्वल्पविराम सांगायचा. आता मी आधी 'डीटाइप्स' (रकान्यात आकडे की मजकूर) बघते, मगच आलेखाला हात लावते.

काना_मात्रा
मराठी नावं लिहिली की चौकोन येतात, त्यावर कुणीच कसं बोललं नाही? मूळ फॉन्ट डेजाव्ह्यू सान्स, त्यात देवनागरी नाही. नोटो सान्स देवनागरी लावला, अक्षरं आली, आणि खरी गंमत पुढेच. 'नाशिक'ची वेलांटी श सोडून क वर जाऊन बसली, 'महाराष्ट्र'चे हलन्त सुटे पडले. माझ्याकडच्या आवृत्तीत अक्षरं एकापुढे एक नुसती ठेवली जातात, जुळवली जात नाहीत. शेवटी प्लॉटली ही दुसरी लायब्ररी वापरून ब्राउझरमध्ये काढला. ब्राउझरला जोडाक्षरं येतात. एमपीएलकैरो (मॅटप्लॉटलिबला जोडायचं चित्र रेखाटणारं साधन) हाही मार्ग आहे, पण तो बसवताना माझी संध्याकाळ गेली.

उंटावरचा
फाइलला 'मॅटप्लॉटलिब.पाय' असं नाव देऊ नका. ती स्वतःलाच इम्पोर्ट करते. कसं कळलं विचारू नका.

जुनाजाणता
धागाकर्ते, तुमच्या भाचीची अडचण जुन्या वळणातली आहे. मॅटप्लॉटलिबचा कर्ता जॉन हंटर मेंदूतल्या विद्युत्संकेतांवर काम करायचा. २००३ साली त्याने मॅटप्लॉटलिब आणलं तेव्हा हाताला मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरची सवय होती, म्हणून 'चालू आकृती' नावाचा अदृश्य प्रकार: नाव न घेता लिहिलेली ओळ तिच्यावरच चालते. 'सबप्लॉट्स'मधून फिग (आकृती) आणि एएक्स (तिच्यातली आलेखाची चौकट) घेऊन 'फिग.सेव्हफिग' लिहायला सांगा. कोणती आकृती, हा प्रश्नच उरत नाही.

धागाकर्ता
सांगितलं. आता तक्रार अशी की खालची गावांची नावं अर्धी कापली जातात. जतन करताना 'बीबॉक्स इंचेस'ला 'टाइट' द्यायला सांगून फोन ठेवलाय. पुढची नावं मराठीत हवी आहेत म्हणे. काना_मात्रा, व्यनि बघा.