पोलंडची लोकशाही ग्दान्स्कच्या गोदीत जन्मली, पण रुजली कुठे?

ओद्राकाठची

पोलंडमधल्या व्रोत्सवाफ शहरात राहायला येऊन मला नऊ वर्षं झाली. पोलंडमधली कम्युनिस्ट राजवट कशी गेली याबद्दल मराठीत जे वाचायला मिळतं ते बहुतेक वेळा ग्दान्स्कची गोदी, लेक वालेसा, पोप जॉन पॉल दुसरे आणि ४ जून १९८९ ची निवडणूक इथवर येऊन थांबतं. हे सगळं महत्त्वाचं आहेच. पण माझ्या मते लोकशाही या देशात खरी रुजली ती त्याच्या पुढच्या वर्षी, २७ मे १९९० ला. त्या दिवशी स्थानिक निवडणुका झाल्या.

४ जूनचं मतदान पूर्ण खुलं नव्हतंच. सेइम या कनिष्ठ सभागृहाच्या ४६० जागांपैकी फक्त १६१ खुल्या होत्या. बाकीच्या जागा सत्ताधारी पक्षाने आणि त्याच्या सोबत्यांनी गोलमेज वाटाघाटीत स्वतःकडे ठेवल्या होत्या. वालेसांच्या सॉलिडॅरिटी या कामगार संघटनेने त्या १६१ च्या १६१ जिंकल्या, शिवाय सिनेट या वरिष्ठ सभागृहाच्या १०० पैकी ९९. वॉर्सातलं सरकार बदललं. पण गावातली शाळा कधी रंगवायची, नळाला पाणी कधी सोडायचं हे ठरवणारा माणूस तोच राहिला, त्याचं टेबलही तेच. १९५० साली कम्युनिस्टांनी स्थानिक स्वराज्य कायद्यानेच मोडून काढलं होतं आणि सगळा कारभार वरून खाली हुकूम येणाऱ्या परिषदांकडे दिला होता. चाळीस वर्षांत दोन पिढ्यांना एवढंच कळलं की रस्त्यावरचा खड्डा 'त्यांचा' असतो.

८ मार्च १९९० च्या कायद्याने हे उलटवलं. त्यामागे येझी रेगुल्स्की नावाचे प्राध्यापक होते, नंतर सिनेटर आणि या सुधारणेचे सरकारी सूत्रधार. ते म्हणत की पक्षाची मक्तेदारी मोडून भागणार नाही. सत्ता, मालमत्ता, पैसा आणि नोकरशाही यांवरची राज्याची मक्तेदारीही मोडावी लागेल. म्हणून ग्मिनाला (आपल्याकडच्या काही गावांच्या गट ग्रामपंचायतीसारखी, पण अधिकाराने बरीच मोठी) नुसती निवडणूक मिळाली नाही. जमिनी, इमारती, पाणीयोजना तिच्या मालकीच्या झाल्या, स्वतःचं अंदाजपत्रक आलं, कर्मचारी राज्याचे न राहता तिचे झाले. १९९६ पासून प्राथमिक शाळाही तिच्याकडे आल्या.

मी इथली नागरिक नाही, त्यामुळे कुठल्याच निवडणुकीत मत देऊ शकत नाही. पण शहराच्या नागरिक-अंदाजपत्रकात देते. शहराच्या पैशातला ठरावीक भाग कशावर खर्च करायचा हे तिथे रहिवासी ठरवतात, आणि कायद्यात शब्द 'रहिवासी' असा आहे, 'नागरिक' असा नाही. सोपोत या शहराने २०११ मध्ये हे सुरू केलं, पुढे मोठ्या शहरांना बंधनकारक झालं. माझ्या जिन्यातल्या सत्तरी ओलांडलेल्या आजी आमच्या गल्लीतल्या झाडांच्या प्रस्तावासाठी सह्या गोळा करत दारोदार फिरल्या, माझ्याही दारात आल्या. कागद पुढे करताना त्यांच्या चेहऱ्यावर जी मालकीची खात्री होती, ती मला आमच्या पुण्याच्या सोसायटीत कधी दिसली नाही. नागरिकत्वाची सवय अशीच लागते, अशी माझी धारणा आहे. तुम्हाला काय वाटतं?

अर्थ-अनर्थ

पूर्ण असहमत. २७ मे १९९० ला किती लोक मतदानाला गेले ते तुम्ही लिहिलं नाहीत. ४२ टक्के. आदल्या वर्षी ६२ टक्क्यांहून जास्त गेले होते. एका वर्षात इतके लोक घरी का बसले? कारण मधे १ जानेवारी १९९० उजाडला आणि अर्थमंत्री बाल्त्सेरोविच यांची बाजारसुधारणांची योजना लागू झाली. भाव सुटले, अनुदानं गेली, कारखाने बसले.

सरकारी शेतमळ्यांचं उदाहरण घ्या. उत्तर आणि पश्चिम पोलंडमध्ये गावंच्या गावं या मळ्यांवर उभी होती. घर मळ्याचं, पाळणाघर मळ्याचं, दवाखान्याला नेणारी गाडीही मळ्याची. १९९१ च्या कायद्याने मळे मोडीत निघाले. लाखो माणसं शेताच्या मधोमध उभ्या असलेल्या चार मजली इमारतींत कामाविना अडकली. बसही बंद झाली. या माणसाला तुम्ही ग्मिनाचं अंदाजपत्रक वाचायला देणार?

त्याने काय केलं तेही इतिहासात आहे. नोव्हेंबर १९९० च्या अध्यक्षीय निवडणुकीत परदेशातून आलेल्या, कुणाला फारसा माहीत नसलेल्या तिमिन्स्की नावाच्या उद्योजकाने पहिल्या फेरीत पंतप्रधान माझोव्हिएत्स्कींना मागे टाकलं. ज्या माझोव्हिएत्स्कींनी पहिलं बिगर-कम्युनिस्ट सरकार चालवलं, त्यांना! २००२-०३ पर्यंत बेकारी २० टक्क्यांच्या आसपास गेली आणि २००५ च्या संसदीय निवडणुकीत मतदान ४० टक्क्यांवर आलं. पोटात अन्न आणि हाताला काम आधी, नागरी मूल्यं त्यानंतर. हा क्रम उलटा करून चालत नाही.

वळिवडेकर

दोघांशीही थोडी असहमती. दोघेही असं धरून चालला आहात की नागरी जीवन १९८९ नंतर 'उभारायचं' होतं. पोलंडमध्ये ते आधीच होतं. १९७६ मध्ये कामगारांवर खटले भरले गेले तेव्हा त्यांच्या कुटुंबांना पैसे आणि वकील पुरवण्यासाठी बुद्धिवंतांनी उघडपणे, स्वतःची नावं-पत्ते देऊन समिती काढली. घराघरांत बंदी असलेल्या विषयांची व्याख्यानं होत. १९८१ पर्यंत सॉलिडॅरिटीचे सभासद सुमारे एक कोटी झाले होते.

आमच्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधून उचलून सैबेरियात नेलेली ही माणसं, त्यांत बहुतेक बायका आणि मुलं, इराणमार्गे इथे पोचली. त्यांच्यामागे त्यांचं राज्य उभं नव्हतं आणि पुढे घर शिल्लक नव्हतं. तरी छावणीत शाळा, चर्च, नाटकं, स्काउटची पथकं, सगळं उभं राहिलं. लहानपणी घरात या गोष्टी ऐकत मोठा झालो, म्हणून पोलिश समाजाबद्दल कुणी 'त्यांना नागरिकत्व शिकवावं लागलं' असं म्हटलं की मला ते टोचतं. १९९० च्या कायद्याने नवं बी पेरलं नाही, जमिनीवरचा दगड बाजूला केला.

अर्थ-अनर्थ

वळिवडेकर, मग तो एक कोटींचा समाज १९९० च्या मे महिन्यात कुठे गेला? दगड बाजूला झाल्यावर तर तो उसळून वर यायला हवा होता.

वळिवडेकर

नोकरी शोधायला गेला, हे मान्य. तुमचा तो मुद्दा मी खोडत नाही. शिवाय त्यातले अनेक चांगले लोक मंत्रालयांत आणि वर्तमानपत्रांत गेले, मोहल्ला रिकामा पडला.

दानूबपार

मी बुडापेस्टमध्ये चार वर्षं शिकलो. मूळ लेखाची कसोटी हंगेरीवर लावून बघा. हंगेरीनेही १९९० मध्येच स्थानिक स्वराज्याचा कायदा केला, आणि तो कागदावर पोलंडपेक्षा उदार होता. जेमतेम काहीशे वस्तीच्या गावालाही स्वतंत्र पालिका मिळाली. अशा तीन हजारांवर पालिका झाल्या. शाळा त्यांच्या, पाणी त्यांचं. तुमच्या सिद्धान्ताप्रमाणे हंगेरीत लोकशाही पोलादी व्हायला हवी होती.

झालं काय? २०१० मध्ये ओर्बान यांच्या फिदेस पक्षाला ५३ टक्क्यांच्या आसपास मतं मिळाली आणि ३८६ पैकी २६३ जागा, म्हणजे दोन-तृतीयांशांच्या वर. तेवढ्या बळावर नवं संविधान आलं, निवडणूक कायदा बदलला. जानेवारी २०१३ पासून शाळा एका केंद्रीय संस्थेकडे गेल्या. २०१९ मध्ये बुडापेस्टने विरोधी महापौर निवडला, तर २०२० मध्ये कोविडचं कारण देऊन पालिकांचा वाहनकरातला वाटा काढून घेतला गेला. एकाही गावाला हे रोखता आलं नाही. ज्या तरुण ओर्बान यांनी १६ जून १९८९ ला, १९५६ च्या उठावानंतर फाशी दिलेले पंतप्रधान इम्रे नॉज यांच्या पुनर्दफनाच्या वेळी, भर चौकात सोव्हिएत सैन्याने परत जावं अशी मागणी केली होती, त्यांनीच हे केलं. म्हणून मला वाटतं की न्यायालय, निवडणूक पद्धत, माध्यमांची मालकी हे वरचे खांबच निर्णायक असतात. ते पडले की खालचं अंगण कितीही झाडलेलं असो, उपयोग नाही.

ओद्राकाठची

दानूबपार, हा सगळ्यात कठीण प्रश्न आहे, आणि मी तो टाळणार नाही.

एक तर हंगेरीच्या त्या तीन हजार पालिका इतक्या लहान होत्या की त्यांना अधिकार मिळाले, पण पैसा केंद्राच्या हातूनच येत राहिला. पोलंडमध्ये सुमारे अडीच हजार ग्मिना आहेत, देशाची लोकसंख्या हंगेरीच्या साधारण चौपट. आकार मोठा, शिवाय रहिवाशांच्या आयकरातला ठरावीक हिस्सा कायद्याने त्यांचा. ज्याच्या हातात स्वतःचा पैसा असतो त्यालाच नाही म्हणता येतं.

आणि इथल्या लोकांनी नाही म्हटलेलं मी डोळ्यांनी पाहिलं. २०२० च्या एप्रिलमध्ये सरकारला १० मेची अध्यक्षीय निवडणूक टपालाने घ्यायची होती. त्यासाठीचा कायदा अजून संमतही झाला नव्हता, मतपत्रिका मात्र छापायला गेल्या होत्या. टपाल खात्याकडून महापौरांना रात्री ई-मेल आले: मतदारांची यादी आमच्याकडे द्या. खाली कुणाची सही नाही. अनेक शहरांनी आणि गावांनी यादी दिली नाही, कायदेशीर आधार नाही असं लेखी कळवलं. १० मेला मतदान झालं नाही. ते जून-जुलैमध्ये मतदान केंद्रांवर झालं, आणि आधीची तयारी बेकायदा होती असं पुढे न्यायालयानेही म्हटलं. त्या वेळी संविधान न्यायाधिकरण सरकारच्या ताब्यात जाऊन काही वर्षं झाली होती. तुमचा वरचा खांब आधीच पडला होता. अंगणातल्या माणसांनी छत धरून ठेवलं.

सदसद्विवेक

ओद्राकाठची, छत धरणारी ही स्थानिक स्वराज्यं २०१९ मध्ये काय करत होती तेही लिहा. मार्च २०१९ मध्ये पूर्व पोलंडमधल्या श्फिद्निकने सुरुवात केली आणि पुढे शंभराच्या आसपास स्थानिक सभागृहांनी 'एलजीबीटी विचारसरणी'विरुद्ध किंवा तशाच आशयाचे ठराव केले. रीतसर निवडून आलेल्या लोकांनी, रीतसर हात वर करून. त्या गावात वाढणाऱ्या सोळा वर्षांच्या समलिंगी मुलाला त्याच्या स्वतःच्या नगरपालिकेने सांगितलं की तू आमचा नाहीस.

माझा आक्षेप इथे आहे. तुम्ही सगळे स्थानिक सत्ता, पोट, न्यायालयं यांवर बोलता आहात. नागरी मूल्य म्हणजे शेजाऱ्याला समान मानणं. ते अंदाजपत्रकातून येत नाही. गल्लीतल्या झाडांसाठी सह्या गोळा करणारी माणसंच अशा ठरावावरही सही करू शकतात.

ओद्राकाठची

करू शकतात. आणि काहींनी केलीही. माझ्या मूळ लेखात ही बाजू नव्हती, ती असायला हवी होती. गावपातळीची सत्ता माणसाला आपोआप उदार करते असं मी मानत असेन, तर ते चूक होतं.

फक्त ते ठराव पुढे कसे गेले तेही बघा. लोकपालांनी न्यायालयांत आव्हान दिलं, काही ठराव रद्द झाले. कार्यकर्त्यांनी गावोगावचा नकाशा बनवून लोकांसमोर ठेवला. नॉर्वेने आणि युरोपीय संघाने निधी अडवायला सुरुवात केल्यावर बाकीच्यांनी एकेक करून मागे घेतले. म्हणजे तिथे दानूबपार म्हणतात ते वरचे खांब, आणि थोडं अर्थ-अनर्थ म्हणतात तेही, कामाला आलं. ग्मिना एकटी पुरली नाही. हे मी मान्य करते.

दानूबपार

आणि २०२० च्या मतदारयादीचं उदाहरण मला माहीत नव्हतं. हंगेरीत असं काही झाल्याचं मला आठवत नाही. माझं मूळ मत बदललेलं नाही, पण पैशाचा मुद्दा माझ्या मांडणीत नव्हता.

अर्थ-अनर्थ

मी एवढंच म्हणेन की २०२३ च्या संसदीय निवडणुकीत ७४ टक्के मतदान झालं, १९८९ पेक्षाही जास्त. तेव्हा बेकारी तळाला होती. भरल्या पोटी लोक रात्री उशिरापर्यंत रांगेत उभे राहिले. तुमच्याच व्रोत्सवाफमध्ये काही केंद्रांवर मध्यरात्र उलटून गेली होती.

ओद्राकाठची

हो. एका केंद्राबाहेरच्या रांगेला आसपासच्या रहिवाशांनी पिझ्झा आणि गरम चहा आणून दिला होता. ते कुणाच्या पोटासाठी होतं आणि कशासाठी, यावर आपण दोघं एकमत होणार नाही.

निवृत्त ग्रामसेवक

चर्चा उशिरा वाचली. मी सांगली जिल्ह्यात एकतीस वर्षं ग्रामसेवक होतो. पंचायतराजची ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाली तेव्हा नोकरीत नवा होतो. ग्रामसभेचं कोरम भरत नाही म्हणून सभा तहकूब करणं आणि नंतर तहकूब सभेला कोरम लागत नाही म्हणून पाच माणसांत ठराव करणं, हे मी अनेकदा पाहिलं, आणि माझ्याही हातून झालं. त्याची खंत आहे. म्हणून ओद्राकाठची ताईंना एक साधा प्रश्न. शहरांचं कळलं. पोलंडच्या खेड्यात पैसा कुठे खर्च करायचा हे गावसभेत खरोखर ठरतं का? की सरपंच ठरवतो आणि सभा माना डोलावते?

ओद्राकाठची

काका, फार चांगला प्रश्न. गावाचा प्रमुख 'सॉवतिस' असतो. गावकरी त्याला थेट निवडतात, पण तो मोठा अधिकारी नव्हे. २००९ च्या कायद्याने 'गावनिधी' आला. ग्मिनाच्या अंदाजपत्रकातली ठरावीक रक्कम प्रत्येक गावाच्या वाट्याला, हिशोबाचं सूत्र कायद्यातच दिलेलं. गावसभा ठराव करते: बसथांब्याला छप्पर, अग्निशमन दलाच्या खोलीचं दार, मुलांचे झोके. प्रस्ताव सॉवतिस मांडू शकतो, गावाची समिती मांडू शकते, किंवा कुठलेही पंधरा प्रौढ रहिवासी. तो ३० सप्टेंबरच्या आत पोचला पाहिजे, सोबत खर्चाचा अंदाज आणि कारण. खर्चाचा काही भाग राज्य ग्मिनाला परत देतं.

माना डोलावणं तिथेही आहेच. मैत्रिणीच्या गावी मी एका सभेला गेले होते, तेवीस माणसं होती आणि अर्धा वेळ एकाच कुत्र्याबद्दल बोलणं झालं. पण झोक्यांचा ठराव त्या सभेत पडला, कारण दोन आयांना जागा रस्त्याच्या फार जवळ वाटली. सॉवतिसला जागा बदलून परत यावं लागलं.

आणि ग्मिनाला गावनिधी द्यायचाच नसेल, तर तो गप्प बसून टाळता येत नाही. ३१ मार्चच्या आत सभागृहाला मतदान घेऊन तसा ठराव करावा लागतो: आम्ही संमती देत नाही. कुणी कुठे हात वर केला ते गावाला दिसतं.