अनुभव धागा : आफ्रिकेच्या वर्षावनातली पायपीट

रानवाट :
मुठेच्या काठी ढोलपथकांचे सराव सुरू झाले आहेत. काल संध्याकाळी बाकीचे वादक जमण्याआधीच कुणीतरी एकट्याने तीन-चार ठोके टाकले आणि मला एकदम युगांडातले किबालेचे जंगल आठवले. तिथे चिंपांझी दिसण्याआधी असाच ठोका ऐकू येतो. मोठ्या झाडांच्या बुंध्यापासून फाकलेल्या उंच, चपट्या मुळांवर नर चिंपांझी हातापायांनी बडवतो आणि कितीही दाट झाडी असली तरी तो आवाज दूरवर पोहोचतो.

किबाले १९९३ साली राष्ट्रीय उद्यान झाले. सुमारे ७९५ चौरस किलोमीटरच्या या जंगलात माकडे, वानर आणि त्यांच्या भाईबंदांच्या १३ जाती नांदतात. कन्यांचू येथील केंद्रावर सकाळी सूचना दिल्या जातात आणि मग लहान लहान गट करून एकेका वनरक्षकाबरोबर पाठवतात. आमच्याबरोबरची वनरक्षक मुलगी दर थोड्या वेळाने हात वर करून सगळ्यांना थांबवी, मान तिरकी करून ऐके आणि मग ठरलेली पायवाट सोडून सरळ झुडपांत शिरे. शेवटी एका उंबरवर्गीय झाडाखाली आम्हाला एक म्हातारा नर बसलेला दिसला. तोंडातल्या फळांचा लगदा खालच्या ओठात दाबून तो रस चोखत होता, मधूनच ओठ पुढे काढून स्वतःच लगद्याची पाहणी करत होता आणि रस संपल्यावर त्याने चोथा आमच्या दिशेने टाकून दिला. आमच्या अस्तित्वाची त्याने एवढीच दखल घेतली. चिंपांझींजवळ एकच तास थांबता येते, पण मला त्या तासापेक्षा त्याआधीची ऐकत ऐकत केलेली वाटचाल जास्त लक्षात राहिली आहे.

आपल्यापैकी जे युगांडा, रवांडा, केनिया, घाना किंवा त्या पट्ट्यातल्या कुठल्याही वर्षावनात पायी हिंडले असतील त्यांनी अवश्य लिहावे.

कंपालाकर :
आम्ही इथेच राहतो, त्यामुळे भारतातून पाहुणे आले की किबालेला जाणे ओघाने येतेच. रानवाट यांनी म्हातारबुवांचे वर्णन अगदी हुबेहूब केले आहे.

बहुतेक मंडळी चिंपांझी पाहून दुपारीच परत फिरतात आणि शेजारचे बिगोडी गाव राहून जाते, याची मला नेहमी चुटपुट लागते. तिथल्या मगोंबे दलदलीभोवती गावकऱ्यांच्याच संस्थेने फेरफटक्याची वाट केली आहे. ही संस्था १९९२ पासून काम करते आणि मिळालेले पैसे गावातच खर्च करते. गमबूट भाड्याने मिळतात, ते घ्यावेतच. चिखलावर टाकलेल्या फळ्यांवरून चालताना लाल कोलोबस माकडे डोक्यावरून उड्या मारत जातात आणि नशिबात असेल तर ग्रेट ब्लू तुराको दिसतो. हा पक्षी कोंबड्याएवढा असून निळ्या अंगावर पिवळी-लाल चोच आणि डोक्यावर काळा तुरा असा त्याचा थाट असतो. उडताना मात्र तो इतका अवजड दिसतो की आता पडतो की काय असे वाटावे.

सुमन_नाशिक :
धागा वाचून आमच्या सासूबाईंनी गोरिला पाहण्याचा हट्ट धरला आहे. त्या ६८ वर्षांच्या आहेत, सप्तशृंगीच्या पायऱ्या अजून चढतात, परंतु उतरताना गुडघे बोलतात. त्यांना नेणे शक्य आहे का? कुकर लावून येते, तोवर कुणीतरी कृपया लिहावे.

डोंगरवेडी :
सुमनताई, शक्य आहे, पण युगांडातले गोरिला जिथे पाहायला जातात त्या ब्विंडीच्या जंगलाचे उतार आधी समजून घ्या. उद्यान सुमारे १,१६० मीटरपासून २,६०० मीटर उंचीपर्यंत पसरलेले आहे आणि ओल्या पाल्यावरून पाय घसरतो तो प्रामुख्याने उतरतानाच. माग काढणारी माणसे पहाटेच निघतात, आदल्या रात्री गोरिला जिथे झोपले होते तिथून त्यांचा माग धरतात आणि रेडिओवरून आपल्या वाटाड्याला कळवतात. त्यामुळे कधी तासाभरात भेट होते, तर कधी दुपार उलटून जाते. आधी कुणालाच काही सांगता येत नाही.

सासूबाईंसाठी दोन गोष्टी आवर्जून करा. परमिट घेताना आणि सकाळी गट पाडतानाही वय व गुडघे यांची कल्पना द्या, म्हणजे शक्यतो जवळचा कळप मिळतो. दुसरे म्हणजे हमाल घ्याच. गावातली तरुण मुले-मुली हे काम करतात, पिशवी उचलतातच, शिवाय चढावर मागून आधार देतात आणि ओढ्यात हात धरतात. अगदीच चालवेना तर चारजण खांद्यावर वाहून नेतील अशी डोलीही मिळते. तिला तिथे गमतीने हेलिकॉप्टर म्हणतात. आपल्या गडकिल्ल्यांवर डोलीत बसायला लाजणारी माणसे तिथे आनंदाने बसताना मी पाहिली आहेत.

एका कळपामागे दिवसाला जास्तीत जास्त ८ पर्यटक, एक तास, १० मीटर अंतर आणि तोंडावर मास्क असे नियम आहेत. पंधरा वर्षांखालच्या मुलांना नेत नाहीत. हे नियम जाचक वाटत असतील तर एक गोष्ट लक्षात घ्यावी. १९९६ साली ब्विंडीतल्या गोरिलांना खरूज झाली आणि ती माणसांकडून आल्याचे निष्पन्न झाले. त्या साथीवर उपचार करणाऱ्या पशुवैद्य डॉ. ग्लॅडिस कलेमा-झिकुसोका यांनी पुढे स्थापन केलेली संस्था गोरिलांच्या बरोबरीने आसपासच्या गावांच्या आरोग्यासाठीही काम करते, कारण एकाचा आजार दुसऱ्याला होणारच.

हातमोजे विसरू नका, खाजऱ्या पाल्याला आधारासाठी हात लावला की दिवसभर आठवण राहते. पँट मोज्यांत खोचा. सियाफू या चावऱ्या मुंग्यांची रांग ओलांडताना वाटाडे पळायला सांगतात, तेव्हा पळावे.

तटस्थ_वाचक :
युगांडात गोरिला पाहण्याचे परमिट ८०० डॉलर आहे, हे कुणी लिहिले नाही. रवांडात तर १,५०० डॉलर मोजावे लागतात. एका तासासाठी एवढे पैसे हे मला आजही पटत नाही.

डोंगरवेडी :
आपली हरकत मान्य आहे, परंतु तुम्ही हिशेब फक्त तासाचा करत आहात. माग काढणारे, पहारेकरी, शिकाऱ्यांनी लावलेले फासे शोधून काढणारी पथके हे सगळे वर्षभर चालते. उद्यानाच्या प्रवेशशुल्कातला २० टक्के वाटा शेजारच्या गावांसाठी राखलेला असतो. डोंगरी गोरिलांची २०१८ पर्यंतच्या गणनांची एकत्रित आकडेवारी १,०६३ भरली आणि त्यांतले जवळपास ४५९ एकट्या ब्विंडी परिसरातले होते. संख्या वाढत गेली म्हणूनच २०१८ साली त्यांना अतिसंकटग्रस्त या वर्गातून एक पायरी कमी धोक्याच्या, संकटग्रस्त या वर्गात आणले गेले.

अरण्यऋषीचा_शिष्य :
चर्चा पैशांवर आलीच आहे, तर बाट्वा लोकांविषयीही लिहायला हवे. ब्विंडी १९९१ साली राष्ट्रीय उद्यान झाले, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या त्या जंगलात शिकार करून आणि मध गोळा करून जगणाऱ्या बाट्वांना बाहेर काढण्यात आले आणि त्यांच्या हाती धड जमीनही पडली नाही. आज पर्यटकांसाठी त्यांची एक वेगळी फेरी असते. त्यात ते विस्तव कसा पाडत, मध कसा काढत, औषधी पाला कोणता, हे दाखवतात. मी गेलो होतो. म्हातारा मनापासून सांगत होता, त्याचे ज्ञान अस्सल होते, तरीही ज्या जंगलातून त्याला घालवले त्याच्याच कडेला उभे राहून त्याने आपले जुने जगणे आमच्यासारख्यांना करून दाखवावे, याने मी अस्वस्थ झालो. अशा फेरीचे पैसे थेट त्यांच्या समूहाला मिळतात का, एवढे तरी प्रत्येकाने जाण्यापूर्वी विचारावे.

कंपालाकर :
अगदी योग्य मुद्दा मांडलात. आपल्या भारतीयांचाही या जंगलांशी एक कटू संबंध आहे. कंपालाहून जिंजाला जाणाऱ्या रस्त्यावरच्या मबिरा जंगलातले सुमारे ७,१०० हेक्टर ऊसलागवडीसाठी एका भारतीय वंशाच्या कुटुंबाच्या साखर कंपनीला देण्याचा सरकारी घाट २००७ साली घातला गेला. एप्रिलमध्ये कंपालात निदर्शने झाली, त्यांना हिंसक वळण लागले आणि जमावाने एका भारतीयाचा जीव घेतला. ज्याला मारले त्याचा त्या व्यवहाराशी काडीचा संबंध नव्हता. तो प्रस्ताव त्या वेळी मागे पडला. आज मबिरात पायवाटा आहेत, तारेवरून घसरत जाण्याची सोय आहे आणि नज्जेंबेच्या थांब्यावर गाडीच्या खिडकीतून भाजलेली गोंजा केळी विकत मिळतात. आमची मुले जंगलापेक्षा त्या केळ्यांसाठीच मबिराला यायला तयार असतात.

किसुमूची_शैला :
केनियातल्या काकामेगाचे नाव कुणीच घेत नाही! मध्य आफ्रिकेकडून पसरत आलेल्या वर्षावनाचा हा पूर्वेकडचा शेवटचा तुकडा. इथे ना गोरिला ना चिंपांझी, म्हणून गर्दीही नाही. आमच्या किसुमूहून मोटारीने सहज जाऊन येता येते. वाटाडे आसपासच्या गावांतलेच असतात आणि आमचा वाटाड्या डोळे मिटूनही पक्ष्यांची नावे सांगत होता. किसेरेच्या तुकड्यात पांढऱ्या दाढीचे डी ब्राझा माकड दिसते. ते लाजाळू असते, त्यामुळे वाट पाहायची तयारी ठेवावी. दुपारनंतर पाऊस हमखास येतो, तेव्हा सकाळीच निघावे. शाकाहारी मंडळींची उगाली (मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा) आणि सुकुमा विकी (पालेभाजी) यांवर उत्तम सोय होते. सुमनताई, सासूबाईंना मी आधी इथेच आणेन. वाट बरीचशी सपाट आहे.

अक्राचा_पाहुणा :
माझा अनुभव थोडा नाराजीचा आहे. घानातल्या काकुमच्या जंगलात झाडांच्या शेंड्यांजवळून जाणारा, ७ झुलत्या पुलांचा सुमारे ३५० मीटर लांबीचा मार्ग १९९५ साली बांधलेला आहे. त्यावरून चालणे विलक्षण आहे, यात शंका नाही. परंतु आम्ही गेलो त्या दिवशी शाळांच्या सहली आल्या होत्या आणि त्या किंकाळ्यांत कुठला प्राणी थांबणार? या जंगलात हत्ती आहेत हे आम्ही फलकावरच वाचले. दरवाजा उघडताच आत जावे आणि पुलांवरून उतरल्यावर वाटाड्याबरोबरची जमिनीवरची फेरीही करावी. झाडांच्या सालींचे आणि मुळ्यांचे उपयोग आम्हाला तिथेच कळले, आणि तिथे आम्हाला कुणीही घाई केली नाही.

रानवाट :
सर्वांचे आभार. मास्कबद्दल एक भर घालतो. किबालेच्याच कन्यावारा भागात २०१३ साली माणसांत साध्या सर्दीला कारण होणाऱ्या एका विषाणूने ५६ चिंपांझींपैकी ५ दगावले. ज्याला शिंका येत असतील त्याने त्या दिवशी परमिटच्या पैशांवर पाणी सोडावे, असे माझे मत आहे.

सुमनताई, युगांडासाठी पिवळ्या तापाची लस आणि तिचा दाखला लागतो, आणि भारतात परततानाही तो दाखला तपासतात. ही लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते. साठीपुढच्यांना ती देताना डॉक्टर विशेष विचार करतात, म्हणून तिकिटे काढण्याआधीच त्यांना भेटा.

सुमन_नाशिक :
आपणा सर्वांची मी ऋणी आहे. सोमवारची वेळ घेतली आहे. सासूबाईंचे म्हणणे असे की लस जमली तर काकामेगा आणि बिगोडी दोन्ही करू, गोरिलांचे तिथे गेल्यावर पाहता येईल. मी त्यांना सांगितले की परमिट आधीच काढावे लागते, तर त्या म्हणाल्या, "मग काढून ठेव." डोंगरवेडी, डोलीचे पैसे तिथेच ठरवायचे असतात की आधी कळवावे लागते?